दिवा लागला. पुढे?

इंग्लंडात राहायला आलात की पहिल्या वर्षी तुम्ही हवेवर गप्पा मारायला शिकता, दुसऱ्या वर्षी निमूटपणे रांगेत उभं राहायला शिकता आणि घर घेतलंत की तिसऱ्या वर्षी ड्रिल मशिन विकत घेता. यातून कुणाचीही सुटका नाही. पुण्यात नळ गळला तर 'दादा, जरा येऊन जा ना' असा एक फोन पुरतो. इथे प्लंबर नुसता दारात आला तरी त्याचं बिल बघून माणूस पाणी प्यायचं सोडून देईल. म्हणून वीकएण्डला अख्खा देश हार्डवेअरच्या महाकाय दुकानांत. कुणी टाइल्स उचलतोय, कुणी पेंट. बँकेतला मॅनेजर शनिवारी सुतार होतो आणि रविवारी गवंडी. या सगळ्याला लाडाचं नाव आहे डीआयवाय. म्हणजे डू इट युअरसेल्फ. तुझं तू बघ!

पण या 'तुझं तू बघ' संस्कृतीत एका ठिकाणी सरकार मध्ये येऊन उभं राहतं. वीज. घराला मागे एक खोली वाढवायची असेल, बागेत दिवे लावायचे असतील, शेडमध्ये सॉकेट हवं असेल, तर पक्कड हातात घेण्याआधी नियम वाचावे लागतात.

आणि आमच्याकडे नेमक्या त्याच वेळी अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगली जिल्ह्यात वीज बोर्डात लाईनमन होते. तेव्हा एमएसईबी होती. २००५ मध्ये बोर्डाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि अण्णा महावितरणमधून रिटायर झाले. खांबावर चढण्यात उभं आयुष्य गेलेला माणूस. आमचं गावचं घर त्यांनी स्वतः वायरिंग करून उजळलंय. मी ज्या ट्यूबलाइटखाली दहावीचा अभ्यास केला, ती त्यांनीच बसवलेली. आता ते सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले आणि लेकीच्या घरामागे स्वयंपाकघराचं एक्स्टेन्शन चाललेलं. विटा चढल्या होत्या, छप्पर पडलं होतं, भिंती उघड्या होत्या. अण्णांनी दोन दिवस हात मागे बांधून फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं,

"इलेक्ट्रिशियन कशाला बोलवायचा? मी हाय की. दोन दिसाचं काम."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. इथल्या इलेक्ट्रिशियनचं कोटेशन त्याच्याच ई-मेलवर आलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद झळकला, तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

एक वाक्याचा कायदा

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. नियम, अटी, 'हे असं झालं तर काय' याच गोष्टींवर माझं पोट चालतं. त्यामुळे घरातल्या दोन पुरुषांचं एकमत होण्याआधी मी नियम वाचायला बसले.

इंग्लंड आणि वेल्समध्ये बांधकामाच्या नियमांचे भाग आहेत, ए, बी, सी असे. त्यातला 'पार्ट पी' राहत्या घरातल्या विजेचा. तो १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. त्याआधी इथेही घरमालक आपल्या घरात वाटेल तशी वायर ओढू शकत होता. त्याच्या आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, जेनी टाँग या तेव्हाच्या खासदारबाईंची मुलगी आपल्या स्वयंपाकघरात शॉक लागून गेली होती. भिंतीतली वायर जिथून जायला हवी तिथून गेलेली नव्हती आणि तिच्यातला करंट भिंतीवर लावलेल्या धातूच्या रॅकपर्यंत पोचला होता. रोज चमचे-डाव अडकवायचा रॅक! कुणाला शंका तरी येईल?

पार्ट पीचा गाभा जेमतेम एका वाक्याचा आहे. विजेचं काम असं करा की ते वापरणाऱ्याला, त्याची देखभाल करणाऱ्याला आणि पुढे त्यात बदल करणाऱ्याला आग किंवा इजा यांपासून वाजवी संरक्षण मिळेल. बस. बाकी सगळं तपशिलात. तो तपशील बीएस ७६७१ नावाच्या जाडजूड पुस्तकात असतो. इथले इलेक्ट्रिशियन त्याला नुसतं 'रेग्ज' म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १८८२ ची, अठरावी २०१८ ची आणि तिच्यातही नंतर सुधारणा होत आल्या आहेत.

आता गंमत ऐका. हा कायदा घरमालकाला 'वायरला हात लावू नकोस' असं म्हणत नाही. दिव्याचा होल्डर बदला, जुना सॉकेट काढून नवा लावा, आहे त्या सर्किटवर एखादा पॉइंट वाढवा. इंग्लंडमध्ये ही कामं कुणाला न कळवता करता येतात. करायची मात्र नियमातच. पण नवीन सर्किट ओढायचं असेल, मेन बोर्ड बदलायचा असेल किंवा बाथरूममध्ये शॉवर-टबच्या आसपास काम असेल, तर ते कळवावं लागतं. कळवायचे रस्तेही ठरलेले. एक, नोंदणी असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा. तो स्वतःच्या कामाचा दाखला स्वतः देतो आणि काउन्सिलला परस्पर कळवलं जातं. दोन, काम सुरू करण्याआधी काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला अर्ज करा, फी भरा, मग स्वतः करा. ते तपासून घेतील. तीन, इंग्लंडमध्ये नोंदणीकृत तपासनीसही नेमता येतो. पण तोसुद्धा पहिली वायर ओढण्याआधी, सगळं झाल्यावर सही मारायला नाही.

बागेची गोष्ट आणखी मजेची. २०१३ च्या एप्रिलपर्यंत बागेतलं आणि स्वयंपाकघरातलं बरंच काम कळवण्याच्या यादीत होतं. मग इंग्लंडने यादी छोटी केली. वेल्सने नाही केली. म्हणजे सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडला की बागेतला तोच दिवा लावण्याचा नियम बदलतो. स्कॉटलंडचा कारभार तर पहिल्यापासूनच वेगळा. आमचं घर इंग्लंडात. पण आम्हाला एक्स्टेन्शनसाठी नवीन सर्किट हवं होतं आणि मागच्या शेडसाठी दुसरं. म्हणजे दोन्ही कामं कळवण्याची.

बरेच जण इथे एक गल्लत करतात, म्हणून सांगते. आमच्यासारखं एका बाजूने शेजाऱ्याला चिकटलेलं घर मागच्या बाजूला ३ मीटरपर्यंत एकमजली वाढवायचं तर, बाकीच्या अटी पाळल्या की, सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. लोक खूश होतात. 'परवानगी लागत नाही' म्हणजे काहीच लागत नाही असं समजतात. पण प्लॅनिंग हे घर बाहेरून कसं दिसतं त्याचं प्रकरण. बिल्डिंग रेग्युलेशन्स घर आतून कसं उभं आहे ते बघतात. ती लागतातच.

हे सगळं मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मला येत न्हाई असं म्हणायचंय का त्यास्नी?"

निळी म्हणजे काय?

प्रश्न येण्या-न येण्याचा नव्हताच. अण्णांच्या हाताबद्दल मला शंका नाही, अजूनही नाही. प्रश्न दुसराच होता. तो उघड्या भिंतीत लोंबणाऱ्या वायरींनीच विचारला.

आमचं घर १९३० च्या दशकातलं. जुन्या भागात वायरी लाल आणि काळ्या. अण्णा खूश. "ही फेज, ही न्यूट्रल. आपल्यासारखंच!" बरोबर होतं. पण बिल्डरने नव्या भागासाठी आणून ठेवलेल्या केबलमध्ये तपकिरी आणि निळी.

"निळी कुठली फेज?" अण्णांनी विचारलं.

आपल्याकडे थ्री फेज म्हणजे लाल, पिवळा, निळा. आर-वाय-बी. लाईनमनच्या रक्तात भिनलेलं असतं ते. निळी वायर दिसली की हात आपोआप सावध. आणि इथे नव्या पद्धतीत निळी म्हणजे न्यूट्रल! बरं, काळी? आपल्याकडे न्यूट्रल, इथेही जुन्या घरांत न्यूट्रल, पण इथल्या नव्या थ्री फेजमध्ये काळी म्हणजे चक्क एक फेज. इंग्लंडने २००४ मध्ये युरोपशी जुळवून घेत घरांतल्या कायमच्या वायरिंगचे रंग बदलायला सुरुवात केली आणि १ एप्रिल २००६ पासून नव्या कामात नवेच रंग सक्तीचे केले. जुन्या भिंतींतल्या वायरी मात्र तशाच राहिल्या. म्हणजे आमच्या एकाच घरात रंगांच्या दोन पिढ्या नांदत होत्या आणि मध्ये उभे होते तिसऱ्याच पद्धतीत वाढलेले अण्णा.

आणि फक्त रंगच नाही. इथे सॉकेटचं सर्किट बहुतेक वेळा रिंग असतं. बोर्डातून निघालेली वायर सगळ्या सॉकेटांना भेटून पुन्हा बोर्डात परत येते. वारीला जाऊन घरी परतल्यासारखी. प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंनी करंट मिळतो, म्हणून बारीक वायरीवर जास्त भार चालतो. पण समजा हे कडं मध्येच कुठेतरी तुटलं, तर? काहीच होत नाही! सगळे सॉकेट चालू. किटली तापते, टोस्टर चालतो, टीव्ही लागतो. फक्त जो भार दोन वाटांनी वाटून जायचा तो आता एकाच वाटेने जातो आणि भिंतीत वायर हळूहळू तापत राहते. तुम्हाला कळणार कधी? कदाचित कधीच नाही. कदाचित एका रात्री.

टेस्टर म्हणून सांगते, हे वाचलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं! आमच्या ऑफिसात रोज हेच चालतं. डेव्हलपर येतो आणि म्हणतो, "माझ्या मशिनवर चालतंय." चालतंय रे बाबा, पण बरोबर आहे का? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवा फक्त एवढंच सांगतो की करंट पोचला. तो बरोबर वाटेने आला का, त्याला परत जायला धड वाट आहे का, काही बिघडलं तर तो कुणाच्या अंगातून जाणार, यातलं काहीही दिवा सांगत नाही.

शेडमधला दिवा

आमच्या बागेच्या टोकाला लाकडी शेड आहे. त्यात एक बल्ब आणि एक सॉकेट. दोन्ही ठणठणीत चालू. घर २०१९ मध्ये घेतलं तेव्हापासून कधी कुरकूर नाही. लेकीने त्या शेडला आपलं दुकान बनवलं होतं. पानं, खडे, गोगलगायी, सगळं विक्रीला.

नोंदणी असलेला इलेक्ट्रिशियन पाहणीला आला तेव्हा त्याने पहिल्यांदा शेडकडे जाणारी वायर बघितली. कुंपणाच्या फळ्यांवर क्लिपा मारून नेलेली. राखाडी, चपटी. घरात भिंतीतून न्यायची साधी केबल, उन्हापावसात बाहेर. मध्ये एक जोड आणि त्यावर गुंडाळलेली चिकटपट्टी. त्याने केबलचं टोक उघडलं. आत तपकिरी आणि निळी.

"२००४ च्या आधीची नाही ही," तो म्हणाला.

मला आठवलं, घर घेताना विकणाऱ्याने भरून दिलेल्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. १ जानेवारी २००५ नंतर घरात विजेचं काही काम झालं आहे का? इथे घर विकताना तो विचारतात, कारण त्याच दिवशी पार्ट पी लागू झाला. उत्तर होतं, 'माहीत नाही'. वायरीच्या रंगाला मात्र बरंच माहीत होतं.

मग त्याने ती वायर बोर्डातून सोडवली, बॅगेतून मीटर काढलं आणि म्हणाला, "आता मेगर करू."

इतका वेळ बाजूला गप्प उभे असलेले अण्णा एकदम पुढे सरकले. "मेगर? मेगर म्हनला न्हवं त्यो?" मेगर हा मुळात एका ब्रिटिश कंपनीचा ट्रेडमार्क, पण आपल्या बोर्डातल्या माणसासाठी तो पार मराठी शब्द आहे. वायरीच्या इन्सुलेशनची ताकद बघायचं यंत्र. अण्णांच्या काळात हँडल फिरवायचं असायचं, इथे बटणाचं. ५०० व्होल्ट सोडायचे आणि वायरींच्या मधला रोध किती भरतो ते वाचायचं. घरगुती सर्किटला नियमाप्रमाणे किमान १ मेगओहम हवा. चांगल्या वायरीत शेकड्यांनी येतो.

काटा नव्हता, आकडा आला. ०.२.

अण्णांनी आकडा वाचला. इंग्रजी येत नसलेला माणूस, पण हा आकडा त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी शेडकडे बघितलं, जिथे त्यांची नात अनवाणी पायांनी गोगलगायी मोजत होती.

बागेतली वीज घरातल्या विजेपेक्षा वेगळी का मानतात, ते त्या क्षणी मला समजलं. घरात पायात चप्पल, खाली लाकडी जमीन. बागेत ओली माती, ओलं गवत, ओले हात. माणूस थेट जमिनीला जोडलेला. म्हणून बाहेर वापरायच्या सॉकेटला इथे ३० मिलीअँपिअरची आरसीडी लागते. आपल्याकडे तिला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. ३० मिलीअँपिअर म्हणजे किती? ७ वॅटच्या एलईडी दिव्याला लागतो साधारण तेवढा करंट. इतका अंगातून गेला तरी जीव धोक्यात येऊ शकतो. आणि ३२ अँपिअरचा साधा एमसीबी? त्याला याच्या हजारपट करंट लागतो, तेव्हा कुठे तो विचार करायला लागतो. एमसीबी वायरीला वाचवतो. माणसाला वाचवायला ही दुसरी यंत्रणा. शेडच्या त्या वायरीवर ती नव्हती.

परमिट

त्या रात्री जेवताना अण्णा फारसं बोलले नाहीत. मीच विषय काढला.

"अण्णा, एक विचारू? बोर्डात असताना तुम्ही परमिट न घेता कधी पोलवर चढलात?"

"येडी का खुळी तू?" ते म्हणाले. "परमिट घेतल्याबिगर पोलाला हात बी लावायचा न्हाई."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लाईन बंद केली आहे असं कागदावर लिहून सबस्टेशनमधून परमिट मिळाल्याशिवाय लाईनमन चढत नाही. चढण्याआधी डिस्चार्ज रॉडने लाईन जमिनीला जोडतो. काम झालं की परमिट परत करतो, मगच लाईन चालू. तिथे अण्णांना कुणी 'तुला काम येतं का?' असं विचारत नव्हतं. येत होतंच. कागद त्यासाठी नव्हता.

मी एवढंच म्हटलं, "मग हेही परमिटच आहे, अण्णा."

ते बराच वेळ ताटातला भात चिवडत बसले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. मी चाळीशीला आले, तरी ती मला माहीत नव्हती. त्यांचा एक जोडीदार होता, त्यांच्याच सेक्शनचा. लाईन बंद, परमिट हातात, सगळं रीतसर. फक्त त्या दिवशी रॉड लावायच्या आधी त्याने एक तार धरली. खाली बाजारात एका दुकानदाराने जनरेटर घेतलेला. तो त्याने घरच्या घरीच बोर्डाला जोडला होता, मध्ये चेंजओव्हर स्विच नाही. लाईट गेली म्हणून त्याने जनरेटर चालू केला. वीज दुकानात खेळली आणि मीटरमधून उलटी लाईनवरही गेली. ट्रान्सफॉर्मरमधून चढताना वाढत वाढत गेली.

"वर माणूस हाय हे त्याला तरी कुठं ठावं हुतं," अण्णा म्हणाले. "त्याचं काम झालं हुतं. त्याच्या दुकानात बी दिवं लागलंच हुतं की."

टेबलावर कुणी काही बोललं नाही. नवऱ्यानेसुद्धा.

मला तेव्हा पार्ट पीमधलं ते एक वाक्य पुन्हा आठवलं. वापरणारा, देखभाल करणारा आणि पुढे बदल करणारा. म्हणजे नियम माझ्याबद्दल कमी आणि पुढच्या माणसाबद्दल जास्त बोलतो. दहा वर्षांनी आमच्या भिंतीत चित्र टांगायला खिळा ठोकणारा कुणी अनोळखी. त्याला माहीत असलं पाहिजे की वायर सॉकेटपासून सरळ वर, खाली किंवा आडवी जाते, कुठूनही तिरकी नाही. खांबावर चढलेला कुणी लाईनमन. शेडच्या दुकानात बसणारी कुणाची तरी पोर. ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्याच्यासाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी म्हणजे तो दाखला.

अण्णांचा चर

पुढचे दिवस फार छान गेले. इलेक्ट्रिशियनशी बोलून ठरलं की वायरी तो जोडणार, तपासणार आणि सही तो करणार. पण घरापासून शेडपर्यंतचा चर अण्णा खणणार. नियम केबल नेमकी किती खोल हवी याचा आकडा सांगत नाही. बागकाम करताना कुणाचं फावडं लागणार नाही एवढी खोल हवी, असं त्याचं म्हणणं. आम्ही ६०० मिलिमीटर ठरवलं. अण्णांनी सुतळी लावून सरळ रेघ आखली, आणि असा काही चर काढला की इलेक्ट्रिशियन त्याचा फोटो काढून घेऊन गेला. खाली वाळू, त्यावर लोखंडी तारांचं चिलखत घातलेली आर्मर्ड केबल, वर पुन्हा वाळू, मग 'खाली वीज आहे' अशी पिवळी पट्टी, मग माती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण केबलला ग्लँड बसवताना दोघांचे हात एकाच वेळी एकाच पान्याकडे गेले. मी दुभाषी म्हणून उभी होते, मला काम उरलं नाही.

तपासणीच्या दिवशी अण्णा वहीपेन घेऊन बसले. अर्थची सलगता, रिंगची दोन्ही टोकं, मेगर, पोलॅरिटी, आरसीडी किती मिलिसेकंदांत उडते ते. प्रत्येक आकडा इलेक्ट्रिशियनने फॉर्मवर लिहिला आणि अण्णांनी वहीत. शेवटी दिवा लावला. तो लागला, अर्थातच. पण या वेळी तो यादीतला शेवटचा मुद्दा होता.

काही दिवसांनी काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला पोस्टाने आला. दोन पानांचा साधा कागद. पुढे घर विकायचं झालं तर वकील हाच मागेल.

आणि आपल्याकडे?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, इंग्लंडमध्ये असेल हे. आपल्याकडे कुठे असले नियम?

आहेत ना! आणि कागदावर बघितलं तर इंग्लंडहून कडक आहेत. भारतीय वीज नियम १९५६ च्या ४५ व्या नियमातच लिहिलं होतं की दिवे, पंखे, फ्यूज, स्विच असल्या किरकोळ बदलाबदलीपलीकडचं कुठलंही काम लायसन्स असलेल्या ठेकेदारानेच करायचं, तेही सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. पुढे २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्यांनी घेतली. म्हणजे बघा, इंग्लंडमध्ये घरमालक अर्ज करून स्वतःच्या घरात सर्किट ओढू शकतो. आपल्या त्या नियमात ती सोयच नव्हती. तरीही आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एक 'सगळं येणारा' असतो आणि त्याने ओढलेली वायर 'चालू झाली' की आपण पैसे देऊन मोकळे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत अलीकडच्या वर्षांत देशभरात विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा आकडा दरवर्षी दहा हजारांच्या वर आहे. त्यातल्या कितीतरी घरांत दिवे लागतच असतील.

तुमच्या फ्लॅटच्या टेरेसवर छोटी बाग असेल. कारंज्याचा पंप असेल, दिवाळीला लावलेल्या आणि मग काढायच्या राहून गेलेल्या माळा असतील, बाल्कनी बंद करून केलेल्या खोलीत एसीचा पॉइंट असेल. पुढच्या वेळी इलेक्ट्रिशियन 'झालं मॅडम, चालू झालं' म्हणाला की त्याला पैसे देण्याआधी चहा द्या आणि तीन गोष्टी विचारा. लायसन्स कुणाचं? अर्थ मोजली का, किती आली? आणि ही लाईन आरसीसीबीवर आहे का? मग त्याच्यासमोरच बोर्डावरचं टेस्ट बटण दाबा. खट्कन उडाली पाहिजे. ते बटण नंतरही अधूनमधून दाबत जा. पाच सेकंद लागतात. घड्याळं पुन्हा लावावी लागतात, एवढाच त्रास.

अण्णा ऑक्टोबरात परत गेले. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. गावातला एक लायसन्सवाला ठेकेदार, अण्णांच्या हाताखाली शिकलेला, त्याला बोलावून त्यांनी आपल्या घराचं मेगर करून घेतलं होतं. स्वतः केलेलं वायरिंग, दुसऱ्याच्या हातून. एरवी कुणी सुचवलं असतं तर अण्णांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

"काय निघालं?" मी विचारलं.

"वायरिंग झकास हाय," ते म्हणाले. आवाजात अभिमान होता. मग थोडं थांबून, "न्हाणीघरातल्या गिझरची अर्थ तेवढी तुटल्याली. कवापास्नं कुणाला ठावं. पानी तर रोज तापतच हुतं."

नवीन अर्थिंग केलंय, आरसीसीबी बसवलीय. ठेकेदाराकडून रिपोर्टही लिहून घेतलाय, सही-शिक्क्यासकट. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून एलआयसीच्या पॉलिसीशेजारी ठेवलाय म्हणे.